मांडवाचा थाट आणि पाहुण्याचे हाल

तुळशीचे लग्न लागले की आपल्या कार्यक्षेत्रात दोन हंगाम जोडीने सुरू होतात. एक उसाचा, दुसरा लग्नाचा. शिवारात टोळ्या उतरतात, रस्त्याला ट्रॉल्या लागतात आणि घरोघरी पत्रिकांचे गठ्ठे येऊन पडतात. उसाच्या हंगामाची तयारी आपण महिनोन्‌महिने करतो. लागणीची नोंद, तोडीचा प्रोग्रॅम, वाहतुकीचे करार, सगळे कागदावर असते. लग्नाची तयारीही आपण काही कमी करत नाही. पण ती तयारी बघितली तर बहुतेक सगळी मांडव, वाजंत्री, बस्ता, फेटे आणि फोटो यांचीच असते. ज्याला आग्रहाचे निमंत्रण दिले तो पाहुणा बसणार कुठे, जेवणार कधी, पाणी पिणार कुठले, हे विचारायची पाळी शेवटी येते. कित्येकदा येतच नाही.

आम्ही या विषयावर लिहायचे ठरवले तेव्हा काही मंडळी म्हणाली, ‘कारखान्याच्या अंकात लग्नाचं काय काम? उसाचं लिहा.’ आम्हाला तसे वाटत नाही. सभासदाच्या उसाचे बिल ज्या दोन-तीन ठिकाणी जाते त्यातले मोठे ठिकाण म्हणजे घरचे लग्नकार्य. आणि हंगामात सभासदाचे जितके दिवस तोडीच्या मागे जातात, तितकेच लग्ने गाठण्यातही जातात. तेव्हा हा विषय आपलाच आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. लग्नाला माणसे बोलावू नका, असे आमचे म्हणणे नाही. खेड्यात लग्न हे दोन माणसांचे कधीच नसते. ज्याच्या घरी आपण चार वेळा जेवलो त्याला एकदा आपल्या दारी जेवू घालायचे, ज्याने आपल्या अडीनडीला बैल दिला, मोटर दिली, पाण्याची पाळी सोडली, त्याला मांडवात मानाने बसवायचे, ही गावाची जुनी रीत आहे. ती मोडावी असे आम्ही सांगणार नाही. आमचे म्हणणे एवढेच, की बोलावले त्याची सोय करा. सोय होत नसेल तर मात्र होईल तेवढ्यांनाच बोलवा.

चौदा दिवस आणि दोन तास

ऊस कारखान्याला गेल्यावर १४ दिवसांच्या आत त्याचे पैसे मिळाले पाहिजेत, हा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम आपल्या प्रत्येक सभासदाला तोंडपाठ आहे. उशीर झाला तर १५ टक्के व्याजाची तरतूदही ठाऊक आहे. ते ठाऊक असलेच पाहिजे, हक्काची गोष्ट आहे. पण तोच सभासद पत्रिकेवर ‘दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांच्या शुभमुहूर्तावर’ असे छापतो आणि अक्षता पडतात अडीच वाजता. त्या दोन तासांचे व्याज कोण देणार?

मिनिटापर्यंत मुहूर्त काढायचा, ब्राह्मणाला पंचांग दोनदा बघायला लावायचे आणि मग नवरदेव पारावर, मारुतीच्या देवळापुढे नाचणाऱ्यांच्या गराड्यात दोन तास अडकवून ठेवायचा, याला काय म्हणावे? मुहूर्तावर श्रद्धा असेल तर तो गाठावा. नसेल तर पत्रिकेवर खरी वेळ छापावी. आता तर लोकच हुशार झाले आहेत. पत्रिकेवरच्या वेळेत दोन तास मिळवूनच घरातून निघतात. मग यजमान म्हणतो माणूस आलं नाही म्हणून लग्न थांबलं, आणि माणूस म्हणतो लग्न वेळेवर लागत नाही म्हणून उशिरा आलो. या दोघांच्या मध्ये सापडतो तो वेळेवर आलेला. त्यात साखरेची गोळी घेणारा म्हातारा असतो, अंगावर पाजणारी लेकुरवाळी असते, आणि ज्याची संध्याकाळी पाण्याची पाळी आहे असा शेतकरीही असतो.

केनयार्डात ऊस तासन्‌तास उभा राहिला की काय होते, हे सभासदांना सांगायला नको. वजन घटते, उतारा घटतो आणि शेतकरी शिव्या घालतो. मांडवात ताटकळलेल्या माणसाचेही तसेच होते. आशीर्वाद द्यायला आलेल्याच्या मनातला गोडवा दोन वाजेपर्यंत पुष्कळच उतरलेला असतो.

सत्काराचा सोस

उशिराचे दुसरे कारण म्हणजे व्यासपीठ. लग्नाच्या मांडवात व्यासपीठ नवरा-नवरीसाठी असते, असा आमचा समज आहे. प्रत्यक्षात तिथे आमदार, सभापती, चेअरमन, माजी चेअरमन, सरपंच, उपसरपंच आणि अलीकडे भावी सरपंचही असतात. प्रत्येकाला फेटा, शाल, श्रीफळ. प्रत्येकाचे नाव माइकवर, आणि ज्याचे राहिले तो पुढच्या निवडणुकीपर्यंत ध्यानात ठेवतो. एका सत्काराला दोनच मिनिटे धरली तरी तीस सत्कारांचा एक तास होतो. समोर हजार माणसे बसलेली असतील तर माणसांचे हजार तास गेले. शेतमजुराच्या आठ तासांच्या दिवसाने मोजले तर ती सव्वाशे दिवसांची मजुरी झाली!

पत्रिकांचेही तेच. पूर्वी कार्डावर देवाचे नाव, वधूवरांचे नाव, तिथी-वार आणि ‘आपला नम्र’ एवढे मावत असे. आता ‘प्रमुख उपस्थिती’, ‘स्वागतोत्सुक’, ‘व्यवस्थापक’ आणि ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ यांच्या गर्दीत वधूचे नाव शोधावे लागते. ज्याचे नाव छापले तो येईपर्यंत लग्न थांबते, आणि ज्याचे राहिले तो रुसतो.

यावर उपाय यजमानाच्या हातात फारसा नाही, कारण त्याला सगळ्यांशी संबंध राखायचे असतात. उपाय पुढाऱ्यांच्या हातात आहे. कारखान्याचे संचालक, सोसायटीचे चेअरमन, पंचायतीचे सदस्य यांनी एकदा बसून ठरवावे, की लग्नात सत्कार घेणार नाही, व्यासपीठावर चढणार नाही, चार माणसांत बसून अक्षता टाकीन आणि नवरा-नवरीला भेटून जाईन. माणूस खरा मोठा असेल तर तो तिसऱ्या रांगेत बसल्याने लहान होत नाही.

सावली, पाणी आणि आडोसा

आपल्याकडे लग्नाची मोठी धावपळ एप्रिल-मे मध्ये असते. पोरांच्या परीक्षा संपलेल्या असतात, ऊस गेलेला असतो, हातात चार पैसे असतात. पण तेव्हाच ऊन आग ओकत असते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उघड्या मैदानात बसलेल्यांपैकी दहाहून अधिक माणसे उष्माघाताने दगावली. तो समारंभ लग्नाचा नव्हता, पण ऊन तेच असते आणि माणसाचे शरीरही तेच असते. भर दुपारी, बाजूने कनात आवळलेल्या रंगीत मांडवात हजार माणसे दाटीने बसवणे हा खेळ नव्हे.

म्हणून उन्हाळ्यातले लग्न सकाळी दहा-साडेदहाच्या आत लागावे आणि बारापर्यंत पंगती उठाव्यात, असे आमचे मत आहे. गोरज मुहूर्तही चांगला, पण वैशाखात दुपारनंतर वळवाचा भरवसा नसतो. वावटळ आली की मांडवाचे खांब आणि कापड माणसांच्या डोक्यावर येते. गोरज धरायचा असेल तर पक्क्या छताची जागा बघावी. शाळेचे सभागृह, देवळाचा सभामंडप, बाजार समितीचे शेड, काहीही चालेल. शोभा थोडी कमी होईल, पण माणसे सुखरूप घरी जातील.

पाण्याचा हिशेब करू. उन्हाळ्यात माणशी दोन लिटर पाणी धरले तर हजार माणसांना दोन हजार लिटर, म्हणजे २० लिटरचे शंभर जार झाले. बहुतेक लग्नांत याच्या निम्मे जार येतात आणि तेही जेवणाच्या जागी ठेवतात. अक्षता पडेपर्यंत मांडवात पाण्याचा पत्ता नसतो. हातात जग घेऊन रांगांतून फिरणारी दहा पोरे नेमली तर हा प्रश्न सुटतो, आणि त्याला खर्च काही नाही.

आता ज्या विषयावर कुणी लिहीत नाही तो लिहितो, कारण तो लिहायलाच पाहिजे. लग्नाला आलेल्या बायाबापड्यांनी मोकळे व्हायला जायचे कुठे? पुरुषमाणूस कुठेही बांधाला उभा राहतो. चाळीस मैलांवरून आलेली बाई सकाळपासून पाण्याला तोंड लावत नाही, का तर जायला जागा नाही. उन्हात पाणी न पिता बसल्याने तिला चक्कर येते आणि आपण म्हणतो, ‘उपास असेल.’ गरोदर बाईचे, साखरेचा आजार असलेल्या म्हातारीचे काय होत असेल, याचा विचार मांडवाला झुंबर लावताना कुणाच्या मनात येतो का? हजार माणसांच्या लग्नात बायकांसाठी निदान आठ-दहा आडोशाच्या जागा, पाण्याच्या बादल्यांसह आणि दिव्यासह असाव्यात. तात्पुरती शौचालये आता भाड्याने मिळतात. नाहीतर शेजारपाजारच्या चार घरांना आधी विचारून ठेवावे आणि ‘महिलांसाठी’ अशी पाटी लावावी. ही सोय केली नाही, तर बाकी सगळा थाट फुकट आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. बाळाला पाजायला एखादी खोली आणि म्हाताऱ्यांना टेकायला चार गाद्या मिळाल्या तर सोन्याहून पिवळे.

ताट आणि पंगत

जेवणाचे गणित गव्हाणीसारखेच आहे. जेवढी गाळपक्षमता तेवढाच ऊस आत घ्यावा. दोनशे पानांची पंगत आणि पंगतीला अर्धा तास धरला तर हजार माणसांना पाच पंगती, म्हणजे अडीच तास लागतात. दोन हजार माणसे बोलावली तर पाच तास. पंगती दुप्पट करायला जागा आणि वाढपी नसतील, तर दोन हजारांचे आमंत्रण हे आमंत्रण नव्हे, ती परीक्षा आहे. आणि सगळ्यांनी अक्षता पडेपर्यंत उपाशी थांबावे असा काही शास्त्राधार आमच्या ऐकिवात नाही. लांबून आलेले, म्हातारे आणि लेकुरवाळ्या यांची पहिली पंगत मुहूर्ताच्या आधीच उठवावी.

पंगतीत बायका शेवटी, ही रीत आता पुरे झाली. पुरुषांच्या चार पंगती उठायच्या, बुंदी संपत यायची, भात गार व्हायचा आणि मग हाक यायची, ‘बायकांना बसवा रे!’ निम्मे पाहुणे त्याच आहेत. पहिल्या पंगतीपासून निम्मी पाने त्यांची असली पाहिजेत.

बुफेचा थाट आता खेड्यातही आला आहे. त्यात वाढप्यांचा त्रास वाचतो हे खरे. पण एका हातात ताट, दुसऱ्या हातात काठी, असा म्हातारा जेवणार कसा? बुफे करायचाच तर निदान शंभर माणसांची टेबल-खुर्चीची किंवा पाटाची सोय वेगळी ठेवा आणि तिथे वाढायला चार पोरे द्या.

पदार्थांचेही तारतम्य असावे. शिजवलेले अन्न उघड्यावर दोन तासांच्या वर ठेवू नये, कडक उन्हाळ्यात तर एका तासाच्या वर नको, असे आरोग्यशास्त्र सांगते. पहाटे केलेली बासुंदी, खव्याची मिठाई दुपारी तीनला वाढली की संध्याकाळी दवाखान्यात रांग लागते. आपल्या जुन्या जाणत्यांनी लग्नाला बुंदी, लापशी, जिलेबी का निवडली? टिकतात, पोट भरतात आणि सगळ्यांना चालतात. मठ्ठ्यात टाकायचा बर्फ खाण्याचाच आहे ना, हेही बघावे. माल थंड ठेवायचा बर्फ निराळा असतो. पंधरा पदार्थ अर्धवट चाखून टाकण्यापेक्षा गरम पाच पदार्थ पोटभर वाढलेले पाहुण्याला जास्त दिवस आठवतात.

नासाडीचाही विचार व्हावा. दोन हजार माणसांनी पन्नास-पन्नास ग्रॅम तांदूळ अक्षता म्हणून उधळला तर एक क्विंटल तांदूळ पायाखाली जातो. चिमूटभर अक्षता आणि बाकी फुलांच्या पाकळ्या, यात देवाचा कोप होईल असे आम्हाला वाटत नाही.

वाढपी, बँडवाले, गाड्यांचे ड्रायव्हर, आचाऱ्याच्या हाताखालच्या बाया यांचे जेवण वेळेत व्हावे. ती माणसे शेवटी उरलेसुरले खाऊन जातात. आणि आपल्या रानात टोळी उतरलेली असेल तर तिच्या कोपीवर त्या दिवशी ताटे जावीत. घरदार सोडून आलेली ती माणसे आपला ऊस तोडतात, त्याच बिलावर आपल्या घरी मांडव पडतो.

आवाज आणि रस्ता

पाहुणा लग्नाला येतो तो सोयऱ्याधायऱ्यांशी दोन शब्द बोलायला. वर्षा-दोन वर्षांनी बहीण भेटते, मामा भेटतो. पण डीजेच्या भिंतीपुढे कानाला तोंड लावूनही ऐकू येत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी आहे, आणि राहत्या वस्तीत दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. नियम कागदावर आहेत आणि खिडक्यांची तावदाने थरथरताहेत. छातीचा दुखणाईत, तान्हे मूल, दहावी-बारावीचा अभ्यास करणारी पोरे यांचा विचार नियमाशिवायही करता येतो. आपल्या गावातली सनई, हलगी, बँजो यांनी मन भरत नाही असे थोडेच आहे? हलगी वाजली की पाय आपोआप हलतात आणि बाजूला उभ्या माणसाला बोलताही येते.

रस्त्याचा विषय सर्वांत गंभीर आहे. गाळपाच्या दिवसांत रात्रीचा रस्ता उसाच्या वाहनांचा असतो. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, कधी मागचा दिवा नाही, कधी रिफ्लेक्टर नाही. त्याच रस्त्यावर नाचत चाललेली वरात आणि लग्नाहून परतणाऱ्या मोटरसायकली. मालवाहू टेम्पोत आणि ट्रॉलीत वऱ्हाड भरणे तर कायद्यानेच मना आहे, तरी वऱ्हाड निघतेच. म्हणून हिवाळ्यातले लग्न दुपारच्या आत उरकावे, पाहुण्यांना दिवसाउजेडी वाटेला लावावे, वरात गावाच्या आतच ठेवावी, वऱ्हाडासाठी बस ठरवावी. ट्रॉलीमालकांनी रिफ्लेक्टर आणि मागचा दिवा लावल्याशिवाय ट्रॉली रस्त्यावर काढू नये. पाहुण्याची सगळ्यात मोठी सरबराई म्हणजे तो धडधाकट आपल्या उंबऱ्याला पोहोचणे.

पैसा कुठे जातो

काही जण म्हणतील, एवढ्या सोयी करायच्या म्हणजे खर्च वाढला. उलट आहे. सोप्या हिशेबासाठी एकरी ४० टन ऊस आणि टनाला ३,००० रुपये धरा. एकराचे १ लाख २० हजार झाले. मांडव, सजावट, डीजे, फेटे आणि फोटो यांवर पाच लाख गेले, तर चार एकरांहून जास्त उसाचे सबंध बिल गेले. खत, पाणी, मजुरी, सोसायटीचे कर्ज यातले काहीही वजा न करता! आडसाली ऊस उभा राहायला १६ ते १८ महिने लागतात, तो चार तासांत संपला. पाण्याचे शंभर जार, दहा आडोसे, चार गाद्या, एक बस आणि जग घेऊन फिरणारी पोरे यांचा खर्च त्याच्या कोपऱ्यातही येत नाही.

हा भार बहुतेक वेळा एकट्या वधूपित्यावर पडतो. हुंड्याला १९६१ च्या कायद्याने बंदी आहे, पण ‘लग्न चांगलं करून द्या’ या शब्दांत तो मागच्या दाराने येतो. पाहुणे दोन्हीकडचे, तर खर्चही दोन्हीकडे निम्मा-निम्मा, ही रीत काही घरांनी सुरू केली आहे. तिचे आम्ही मनापासून स्वागत करतो.

ही शिकवण नवी नाही. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन करून साध्या, कमी खर्चाच्या लग्नाचा रस्ता घालून दिला. गाडगेबाबांनी गावोगाव कीर्तनातून ‘कर्ज काढून लग्नकार्य करू नका’ हाच उपदेश जन्मभर केला. आणि आपल्या डोळ्यांदेखतची गोष्ट घ्या. कोरोनाच्या साथीत २०२० साली लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली. एप्रिल २०२१ मध्ये तर २५ माणसे आणि दोन तास एवढीच परवानगी होती. त्या दोन वर्षांत लागलेल्या लग्नांचे संसार काही मोडले नाहीत. नातवंडे अंगणात खेळत आहेत. पन्नासच माणसांत लग्न करावे असे आम्ही म्हणत नाही, भाऊबंद नसलेला मांडव सुना वाटतो हेही आपण तेव्हा अनुभवले. पण थाट गेला तरी लग्न लागते, एवढे तरी त्यातून सिद्ध झाले.

शेवटी एक सूचना करतो. पूर्वी पुष्कळ गावांत देवळाची किंवा तालमीची सामाईक भांडी असत. लग्न कुणाचेही असो, पातेली, पराती, तांबे गावाचे. तीच रीत आता सोसायट्यांनी आणि तरुण मंडळांनी वाढवावी. खुर्च्या, पाण्याची टाकी, गाद्या, उचलून नेता येतील अशी चार-सहा शौचालये गावाने एकदा घ्यावीत आणि नाममात्र भाड्याने सभासदाला द्यावीत. सहकारातून आपण साखर कारखाना उभा केला, मग चार आडोसे उभे करणे काय अवघड आहे? प्रत्येक लग्नात पाच जाणत्या माणसांची, त्यात दोन बायका, अशी कमिटी नेमावी. तिने मांडवाकडे न बघता फक्त पाहुण्याकडे बघावे.

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ अशी म्हण आहे. आमची विनंती अशी, की लग्न एकदा पाहुणा होऊनही पाहावे. यंदा ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी आपल्याच मांडवात मागच्या रांगेत, एखाद्या म्हातारीशेजारी दहा मिनिटे बसून बघावे. काय कमी आहे ते तीच सांगेल.